पाण्याचा पंप

दिल्लीतल्या सरोजिनी नगरची सरकारी क्वार्टर्स पाडायचं ठरलं, तेव्हा लोक एकेक करून निघून गेले. डिसेंबर उजाडेपर्यंत गुणवंत कीर्तन्यांच्या ब्लॉकमध्ये ते एकटेच उरले होते. निवृत्तीला सहा महिने होते आणि दुसरं घर काही मिळेना. बायको, उल्का, दोन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणासाठी नागपूरला गेली होती. आई गेली, तेराव्याला गुणवंत जाऊन आले, पण उल्का तिथेच राहिली. का, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

आता मात्र ती येणार होती. रविवारी संध्याकाळी पाचला निजामुद्दीन स्टेशनला गाडी पोचणार होती. घर सोडण्याआधी तिला आपलं सामान आवरायचं होतं.

आणि नेमकी शुक्रवारी ऑफिसातून येताना त्यांच्या छोट्या मोटारीची तापमान दाखवणारी सुई लाल रेघेपर्यंत चढली. इंजिन थंड झाल्यावर त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं. पाण्याच्या पंपाखालच्या बारीक भोकातून हिरवं कूलंट टपटपत होतं आणि पुली हातानं हलवली की डुगडुगत होती. पंपाचं बेअरिंग गेलं होतं.

शनिवारी करोल बागेतून ते नवा पंप, त्याच्या सांध्यात बसणारं गॅस्केट, पट्टा आणि कूलंट घेऊन आले. "अंकल, मेकॅनिक से लगवा लो," दुकानदार म्हणाला. गुणवंत नुसते हसले. अठरा वर्षं त्या गाडीला त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता.

रविवारी सकाळी धुकं विरल्यावर त्यांनी काम काढलं. रेडिएटर कपड्यांच्या टबात रिकामा केला, पट्टा सैल करून उतरवला, पुली काढली. पंपाचे बोल्ट निघाले, पण खालचा एक काही केल्या हलेना. त्यावर तेल सोडून ते पायरीवर चहा घेत बसले, तेवढ्यात फोन वाजला.

"निघालीस ना गं? कुठवर आलीस?"

"अहो, मी बसलेच नाही गाडीत."

"का? बरं नाही का?"

"बरी आहे मी. काल बॅगसुद्धा भरली होती. मग वाटलं, राहू दे." ती थोडी थांबली. "तुम्ही काय करताय?"

"गाडीचा पंप बदलतोय."

"आज? थंडीत?"

तुला आणायचं होतं ना, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. "हो, गळत होता," एवढंच ते म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी गार झालेला चहा संपवला. मग उठून त्यांनी पुन्हा पाना लावला. बोल्ट निघाला. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे त्यांनी पात्यानं खरवडले, जागा फडक्यानं लख्ख पुसली, नवा पंप बसवला आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले, पुली आणि नवा पट्टा चढवला. खरं तर आता कसलीच घाई नव्हती, तरी हात भराभर चालत होते.

कूलंट भरल्यावर मात्र अडलं. आतली हवा निघेपर्यंत कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबायला हवा होता, कारण त्यांना पंपाकडे लक्ष ठेवायचं होतं. पूर्वी उल्का दाबायची. त्यांनी वर पाहिलं. चारही मजल्यांच्या खिडक्यांची तावदानंसुद्धा लोकांनी काढून नेली होती. समोरच्या ब्लॉकमध्ये फक्त विजयालक्ष्मी नावाच्या एक वयस्क बाई राहिल्या होत्या. अकरा वर्षांत त्यांच्याशी नमस्कारापलीकडे बोलणं झालं नव्हतं. गुणवंतांनी त्यांचं दार वाजवलं.

"मुझे चलाना नहीं आता," त्या म्हणाल्या.

"चलाना नहीं है. बस पैर रखना है."

त्या आल्या, शाल सावरून बसल्या आणि सांगितलं तसं पेडल दाबत राहिल्या. रेडिएटरमधून बुडबुडे आले, मग थांबले. पंपाखाली गळतीचा थेंबही नव्हता.

"हो गया?" त्यांनी विचारलं.

"हो गया. थँक्यू."

"आपकी मिसेस कब आ रही हैं?"

"नहीं आ रहीं."

त्या हळूच गाडीचं दार लावून घरी गेल्या.

गाडी चालवून बघणं भागच होतं. रिंग रोडला लागून नुसती एक चक्कर मारायची म्हणून निघालेले गुणवंत पाचच्या सुमारास निजामुद्दीनच्या पार्किंगमध्ये उभे होते. सुई अर्ध्यावर स्थिर होती. नागपूरची गाडी आली असावी. माणसांचा लोंढा बाहेर पडला, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं, कुणी हमालाशी हुज्जत घातली. सगळे पांगल्यावर त्यांनी फोन लावला.

"उल्का, एक विचारतो. तू आता परत यायची नाहीस ना?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तिनं तो बंद केला.

"नाही," ती म्हणाली. "मला सांगता येत नव्हतं हो."

"मलाही विचारता येत नव्हतं."

मग ती म्हणाली, "जेवा वेळेवर."

जानेवारीत त्यांनी तिच्या दोन ट्रंका ट्रान्सपोर्टनं नागपूरला पाठवल्या. पैठणी कुठल्या ट्रंकेत आहे, ते चिठ्ठीवर लिहिलं. स्वतः गाझियाबादला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे शेजारी कोण राहतं, ते त्यांना अजून कळलेलं नाही.