मूळ खाण: बंद

पारखीणबाईंचा एक नियम होता: आधी खडा बघायचा, माणूस नंतर. खडा खोटं बोलला तर सूक्ष्मदर्शकाखाली दोन मिनिटांत पकडला जातो. माणसाला आख्खं आयुष्य पुरत नाही. रत्नांच्या त्या प्रयोगशाळेत वीस वर्षं दाखले लिहिताना या नियमाने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

शुक्रवारी दुपारी एका व्यापाऱ्याने कागदाच्या पुडीतून अकरा खडे त्यांच्यासमोर ओतले. खिडकीशी धरले तर हिरवे, दिव्याखाली नेले तर वांग्यासारखे जांभळे. बाईंनी पहिला खडा भिंगाखाली ठेवला. त्याच्या पोटात बारीक केसांसारख्या तंतूंची जुडी होती, आणि अशी जुडी एकाच खाणीच्या खड्यात सापडते. गंमत बघा, एरवी डाग दिसला की भाव पडतो. इथे तो डागच खड्याचा जन्मदाखला.

दाखल्यात 'मूळ खाण' असा रकाना असतो. पुढे लिहायचं, चालू की बंद. खाण बंद म्हणजे नवा खडा येणं संपलं, आणि त्या एका शब्दापायी तोच दगड दसपट महाग होतो. दगडाने त्यासाठी काडीची मेहनत केलेली नसते.

बाईंनी 'चालू' लिहायला पेन टेकवलं.

"बंद लिहा," व्यापारी म्हणाला.

"अहो, खाण चालू आहे."

"तारीख मंगळवारची टाका, म्हणजे झालं. मंगळवारी तुमच्याकडे रांग लागेल, म्हणून आधीच आलो." जणू लग्नाचा हॉल ठरवायला आला होता, इतक्या सहज तो बोलला. "सावकाश लिहा. मी बाहेर बसतो."

काचेच्या दारापलीकडे तो खुर्चीत बसला आणि त्याने वर्तमानपत्र उघडलं.

बाईंनी मनाशी हिशेब केला. तीन महिन्यांतली ही त्याची सातवी पुडी, सगळा माल त्याच खाणीचा. चालू खाणीचा माल इतका कुणी साठवत नाही. ज्याला पुढचं ठाऊक असतं तोच साठवतो. मंगळवारी रांग लागायची, तर खाण सोमवारी बंद पडणार. आणि त्या खाणीत बाईंचा धाकटा भाऊ कामाला होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा. बाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला, शिकवला. खाण नदीच्या खाली होती, आणि पाणी उपसणारे पंप त्याच्या ताब्यात होते.

त्यांनी भावाला फोन लावला.

"ऐक, सोमवारी कामावर जाऊ नकोस. काही विचारू नकोस, फक्त जाऊ नकोस."

"नाहीच जाणार, ताई. रजा टाकलीय."

बाईंचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत त्या हसल्याही. मग हसू ओठांवरच राहिलं.

"का रे टाकलीस?"

पलीकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बाहेर एक व्यापारी बसलाय. मंगळवारच्या तारखेचा दाखला हवाय त्याला."

"माहितीय. मीच पाठवलं त्यांना तुझ्याकडे. म्हटलं, ताई घरचीच आहे."

"पंप बंद पडणार?"

"सोमवारी सकाळी बिघाड होईल, तशी सोय मी करून ठेवलीय. ताई, फक्त पाणी भरणार आहे."

"मग रविवारी होऊ दे. सुट्टी असते, खाण रिकामी असते."

"रिकाम्या खाणीत पाणी भरलं तर उपसून पुन्हा सुरू करतात. माणसं गेली तरच कायमचं कुलूप लागतं." त्याचा आवाज खाली गेला. "असं ते म्हणतात."

"सोमवारी पहिल्या पाळीला किती जण असतात?"

"साठ-बासष्ट."

"तू ओळखतोस त्यांना?"

"ताई, तू फक्त कागद लिही ना. आयुष्यभर लोकांचे खडे बघत बसलीस, तुझ्या हाताला काय लागलं? हे सगळं मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी म्हणू नकोस." त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या, की व्यापाऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. "अजून दोन दिवस आहेत. जा आणि सगळ्यांना सांग."

"आता सांगितलं तर त्या व्यापाऱ्याची माणसं मला जिवंत ठेवतील का?"

बाईंनी फोन ठेवला. तो खरं बोलत होता, हे त्यांना आवाजावरून कळलं. लहानपणी ताप लपवायचा तेव्हा अडखळायचा, हे बोलताना मात्र अडखळला नव्हता. त्याला वाचवायचं तर नुसतं गप्प राहायचं होतं. इतकं सोपं काम त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

व्यापारी उठून दाराशी आला. काचेवर त्याने बोटाने हळूच टकटक केलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. बाईंनी दाराला आतून कडी घातली. त्याने भुवया उंचावल्या आणि खिशातून स्वतःचा फोन काढला.

त्याने नंबर लावायच्या आत बाईंनी पोलिसांना फोन लावला. खाण कुठली, दिवस कुठला, माणसं किती, सगळं न थांबता सांगितलं. व्यापारी काचेपलीकडून त्यांच्या ओठांकडे बघत, फोनवर कुणाशी तरी शांतपणे बोलत होता.

"पंप कोण बंद पाडणार आहे?" पलीकडून विचारलं.

बाईंनी भावाचं नाव सांगितलं. नीट ऐकू आलं नाही म्हणाले, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश.