दोनशे मौरल्यांची मुंडकी

लेकीच्या लग्नाचं बोलावणं माझ्या बायकोच्या, सुप्रभाच्या नावाने आलं. फक्त सुप्रभाच्या. मी पाकीट तीन वेळा उलटंपालटं केलं, आत बोट फिरवून पाहिलं. बापाचं नाव कुठेच नव्हतं.

कारण सांगतो, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. आमची वरदा केंब्रिजला संशोधन करते आणि अंशुमन बागची नावाच्या बंगाली मुलाबरोबर राहते. फेब्रुवारीत त्याच्या आईने आम्हाला जेवायला बोलावलं. सुरुवातीलाच डाळभाताबरोबर बोटाएवढे तळलेले मासे आले, डोळ्यांसकट. मौरला म्हणतात त्यांना. मी बायकोकडे वळलो, चेहरा हसरा ठेवला आणि मराठीत म्हणालो, "हे आपल्याकडे मांजराला घालतात."

परदेशातल्या मराठी माणसाची ही जुनी खोड. चारचौघांत बसून आपल्या भाषेत घाण करायची आणि वर गोड हसायचं. मी ट्रेनमध्ये केलंय, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये केलंय. चौतीस वर्षं कोणी पकडलं नाही.

"काका, थोडा भात अजून वाढू का?" अंशुमनने विचारलं. मराठीत. मला सरप्राइझ द्यायला तो दोन वर्षं गुपचूप ऑनलाइन क्लास करत होता. मिळालं मला सरप्राइझ.

संध्याकाळी वरदाचा फोन. "बाबा, त्याने त्याच्या मम्मीला नाही सांगितला तुम्ही काय बोलला ते. मला तुमचा इतका लाज वाटला ना."

"वाटली," मी म्हणालो. होय, त्याही वेळी. तिने फोन ठेवला तो पाच महिने उचललाच नाही.

"अहो, सॉरी म्हणून टाका की," सुप्रभा रोज म्हणायची. पण माफी मागणं मला जमत नाही. मला काहीतरी करून दाखवायचं असतं, म्हणजे चूक तर झाकतेच, वर कौतुकही पदरात पडतं. ते पाकीट आल्यावर मी जाहीर केलं, त्या सगळ्यांना रविवारी आपल्या घरी हॅरोला जेवायला बोलव, मी स्वतः मौरला तळणार. आम्ही अलिबागचे. मासे मला कोणी शिकवायचे नाहीत.

मासे शोधायला आधी वेम्बलीला ईलिंग रोडवर गेलो. अर्धा रस्ता शाकाहारी गुजराती दुकानांचा. एका काउंटरवर मासे आहेत का विचारलं, तर बाईंनी माझ्याकडे मी देवळात चप्पल घालून शिरल्यासारखं पाहिलं. मग मेट्रोपॉलिटन लाइनने थेट ऑल्डगेट, तिथून चालत व्हाइटचॅपल. बांगलादेशी दुकानात मौरल्यांच्या गोठवलेल्या विटा मिळाल्या आणि मोहरीच्या तेलाची बाटली, जिच्यावर लिहिलेलं की फक्त अंगाला लावण्यासाठी. परतीच्या गाडीत वीट वितळायला लागली. समोरचा माणूस दोन स्टेशनांनंतर डबा बदलून गेला.

रविवारी सकाळी सातला मी कात्री घेऊन बसलो. मांदेलीची डोकी काढतात, तेव्हा यांचीही काढायची. यात विचार तो काय करायचा? दोनशे मासे, तीन तास. एकेक मुंडकं छाटून वाडग्यात. पाठीला रग लागली आणि आपण किती प्रायश्चित्त घेतोय या विचाराने डोळे भरून आले. स्वतःच्याच चांगुलपणाने रडणारा माणूस मी लांबूनही ओळखतो. त्या दिवशी तो फार जवळ होता.

हळद-मीठ लावलं. तेल धुरावेपर्यंत तापवायचं असतं, पण बाटलीवरची ती ओळ वाचून मी घाबरलो आणि ते कोमट असतानाच पहिला घाणा सोडला. मुंडकं नसलेले मासे तेलात उघडले, फाटले, कढईला चिकटले. झाऱ्यावर आला तो पिवळा चिखल.

तेवढ्यात बेल वाजली. सुप्रभा पाहुण्यांना बाहेर बसवेपर्यंत बागचीबाई सरळ स्वयंपाकघरात आल्या. ठेंगण्या, सुती साडी, वर जाड कार्डिगन. कढईत पाहिलं, ताटात पाहिलं.

"डोकी कुठेत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी वाडगा दाखवला. दोनशे जोडी डोळे आमच्याकडे पाहत होते.

"का कापलीत? पोट नुसतं चिमटीत दाबायचं, घाण निघते. डोक्यानेच मासा धरून राहतो. एवढी मेहनत कशासाठी केलीत तुम्ही?"

दारात वरदा आणि अंशुमन येऊन उभे राहिले होते. बाईंना काही माहीत नव्हतं. तुमच्यासाठी, प्रेमाने, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं, मी अशा वाक्यांचा कारखाना आहे. पण वरदाने ते वाक्य येताना ओळखलं आणि मान फिरवली.

"मी तुमच्या घरी म्हणालो होतो की हे मांजराचं जेवण आहे," मी म्हणालो. "मराठीत म्हणालो, कारण तुम्हाला कळू नये. तुमच्या मुलाला कळलं. मी चुकलो." मग अंशुमनकडे वळून मराठीत, "माफ कर रे मला."

कढई चुरचुरत होती.

"मांजराला आमच्याकडे काटे घालतात," बागचीबाई म्हणाल्या. "डोकी नाही. डोक्यांवरून आम्ही भावंडं मारामाऱ्या करायचो. सरका."

मी सरकलो. त्यांनी कार्डिगनच्या बाह्या वर केल्या, कढई रिकामी करून पुसली, नवं तेल ओतलं, धूर निघेस्तोवर थांबल्या. सुप्रभाने टॉवेल घेऊन धुराच्या अलार्मखाली वारा घालायला सुरुवात केली. वाडग्यातली मुंडकी हळद-मीठ चोळून मूठमूठ कढईत गेली, आणि दोन मिनिटांत कुरकुरीत होऊन बाहेर आली. त्यातली निम्मी त्यांनी माझ्या ताटात ओतली.

"तुम्ही कापलीत, तुम्ही खा."

"काका, डोळ्यांसकट हं," अंशुमन म्हणाला.

खाल्लं. कडकन मोडलं, आत किंचित कडू, मागून मोहरीचा झणका. उत्तम. याहून वाईट शिक्षा नव्हती.

वरदा माझ्या ताटातून एक उचलून चावत म्हणाली, "बारा तारखेला, साडेदहा वाजता. लेट नका येऊ."

"कार्डवर माझं नाव नाहीये."

"माहितीये मला. मी नाही लिहिणार आता. आईला बरोबर एक जण आणता येतो, तिचे प्लस वन म्हणून या."

सुप्रभा अलार्मखाली टॉवेल हलवतच होती. "मी अजून ठरवलं नाहीये," ती म्हणाली, "कोणाला न्यायचं ते."