खोटं बेरिंग

इंजिनाखालचा तेलाचा चेंबर खाली उतरवला, चौथ्या रॉडची टोपी सोडली आणि नाथाजीच्या हातात चामड्याचा तुकडा आला. कुठल्यातरी जुन्या पट्ट्याचा कापलेला, तेलात शिजून काळा पडलेला. झिजलेल्या बेरिंगमध्ये चामडं दाबलं की खडखड थांबते आणि गाडी दोन-चार महिने गोड चालते. लष्करात दहा वर्षं मोटारी हाकलेल्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. आदल्या दिवशी पाचगणीहून पसरणीचा घाट उतरताना इंजिन एकाएकी असं आवळलं होतं की मागची चाकं जागीच थिजली, गाडी आडवी झाली आणि कठड्याला घासत कशीबशी थांबली.

गाडी सांगलीच्या आप्पासो बिरनाळ्यांची, नाथाजी त्यांचा ड्रायव्हर. हळदीचे मोठे अडते, पण जीव मोटारींत. पाचगणीच्या शाळेतला एक गोरा मास्तर देश सोडून जाताना त्यांनी त्याच्याकडून ही लांब नाकाची, दोनच माणसांची शर्यतीची मोटार घेतली होती. पुण्यातल्या काही हौशी मंडळींनी एकोणपन्नासच्या मार्चअखेर पसरणीच्या घाटात शर्यत ठेवली होती, आणि आप्पासोंनी तिच्यासाठी चारच महिन्यांपूर्वी सांगलीच्या तात्याबा मिस्त्रीकडून सबंध इंजिन नवं करून घेतलं होतं. निदान तात्याबा तसं म्हणाला होता.

नाथाजीनं तो तुकडा नेऊन तात्याबाच्या टेबलावर टाकला. आप्पासो बरोबर होतेच.

"हे काय हाय?"

तात्याबानं चष्मा वर केला. "चामडं दिसतंय."

"तुज्या नव्या बेरिंगात निघालं."

"उघडलं तुमी, निघालं तुमच्या हातात. मी घातलं कशावरनं?" तो आप्पासोंकडं वळून हसला. "ड्रायव्हर लोकांचं असंच असतंय. गाडी ताणायची, फोडायची आणि मिस्त्रीच्या नावानं पावती फाडायची."

नाथाजीनं त्याची गचांडी धरली. तात्याबाचे चार कामगार हातात पाने-हातोडे घेऊन उभे राहिले. आप्पासोंनी मध्ये पडून नाथाजीला ओढत बाहेर आणलं.

"गाडीत तू बसणार, मी न्हाई," ते रस्त्यात म्हणाले. "तवा मिस्त्री तूच निवड. पर ह्या खेपंला चूक झाली तर मला सांगाया येऊ नगंस."

नाथाजी आठ दिवस हिंडला. मिरजेचा मिस्त्री म्हणाला, खोलायची गरज न्हाई, मी नुसत्या आवाजावरनं सांगतो. कराडच्यानं आठ दिवसांत गाडी द्यायचं कबूल केलं. रॉड ज्यावर फिरतात तो क्रँकचा दांडा घासायला कुठं पाठवणार विचारल्यावर त्यानं विषय बदलला. कोल्हापूरचा जरा जाणता वाटला, पण इंजिन बांधताना कुणाला शेजारी उभं राहू देत नाही म्हणाला. नाथाजी प्रत्येकाला निघताना एकच विचारायचा, तुमची स्वतःची गाडी असती तर बेरिंग कुणाकडनं ओतून घेतलं असतं? तिघांनीही, जरा घुटमळून, एकच नाव घेतलं. साताऱ्याचा इलियास.

आणि तिघांनीही पुढं म्हटलं, "पर तुमचं आनि त्येचं..."

त्याचं नि इलियासचं काय होतं ते सगळ्या खटाव तालुक्याला ठाऊक होतं, कारण नाथाजीनंच ते गावोगाव सांगितलं होतं. त्रेचाळीस साली, महायुद्धात, दोघे बसऱ्याला एकाच कंपनीत होते. नाथाजीचा धाकटा भाऊ ज्ञानू तिथल्या वर्कशॉपात. एका लॉरीचं इंजिन सरहद्दीपलीकडच्या डोंगराच्या उतारावर आवळलं, लॉरी दरीत गेली आणि दोन जवान मेले. चौकशीत निघालं की नवी बेरिंगं बाजारात विकली गेली होती आणि लॉरीत जुनीच बसवली होती. बसवली कुणी, हे पाहिलेला माणूस एकटा इलियास. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी नाथाजीनं डोक्याचं पागोटं काढून त्याच्या पायावर ठेवलं होतं. नुसतं 'ठाऊक नाही' म्हण, एवढंच मागणं.

"मला जे इचारतील ते सांगीन," इलियास म्हणाला होता. आणि त्यानं सांगितलं. ज्ञानूला दोन वर्षं तुरुंग झाला, नाव कटलं. तो वडूजला परतल्यापासून रानात खाली मान घालून राबायचा. म्हातारी आई राहीबाई तर इलियासचं नाव निघालं की दारात जाऊन थुंकायची. नाथाजीनं त्याचा वचपा काढला. खटावापासून कराडापर्यंत एकाही मोटारवाल्यानं इलियासकडं गाडी नेऊ नये असा त्यानं चंग बांधला, आणि तीन वर्षं बराचसा तडीसही नेला.

शेवटी तो साताऱ्याला गेला. पोवई नाक्याच्या अलीकडं पत्र्याची शेड होती. इलियास बाकावर कानशीनं लोखंड घासत बसला होता. मान वर करून त्यानं पाहिलं आणि पुन्हा घासायला लागला. त्याची बायको जरिना आतल्या दारात आली, तिनं नाथाजीला ओळखलं आणि दार लावून घेतलं. पाण्याचा तांब्या काही आला नाही.

"रस्ता चुकला व्हय, हवालदार?"

"काम हाय. इंजिन बांधायचंय."

"तीन वर्सं माज्या पोटावर पाय देऊन उभा ऱ्हायलास. माजी दोन पोरं वर्गणीच्या कपड्यात शाळंत गेली. आनि आज काम हाय?"

"तुला करायचं नसंल तर सांग."

"करीन की. पर एक ध्यानात ठिव. मी प्रत्येक बोल्ट आवळताना तू हितं हजर पायजेस. उद्या तू कुठं पडलास-बिडलास तर इलियासनं डाव साधला, असं म्हणायला तुज्या आईला जागा ऱ्हायला नगं."

"मी तसाबी नजर ठेवणारच हुतो."

"ठिव. तेवढंच येतंय तुला."

असं ते काम सुरू झालं. रोज सकाळी नाथाजी शेडमध्ये यायचा आणि उलट्या डब्यावर बसायचा. दोघांत कामापुरतं बोलणं, तेही दगड मारल्यासारखं. इलियासनं इंजिन सुटं केलं, एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन मांडला आणि मायक्रोमीटर नाथाजीच्या हातात दिला.

"तू माप. माज्यावर इस्वास ठिवू नगंस."

नाथाजीनं मापलं. क्रँक चौथ्या रॉडच्या जागी गोल न राहता लांबुळका झाला होता. केसाहून कमी, पण लांबुळका. तो पुण्याला पाठवून घासून आणावा लागणार होता, म्हणजे तीन आठवडे. तीन आठवडे म्हणजे शर्यत गेली.

आप्पासो दुसऱ्या दिवशी स्वतः आले. "तात्याबा म्हणतोय तसंच झालं. ह्यो मानूस दावा साधतोय. शर्यत चुकवायची हाय त्येला. हाय तसा बसवा क्रँक, चार मैलाचा तर घाट."

इलियास हात पुसत म्हणाला, "मी न्हाई बसवत. न्यायची असंल तर पोत्यात भरून देतो."

आप्पासोंनी नाथाजीकडं पाहिलं. नाथाजीच्या मनात आलं, ह्यात खरंच सूड असला तर? इलियासच्या तोंडावर तर काही दिसत नव्हतं, कधीच दिसत नसे. पण मापणारा हात नाथाजीचा स्वतःचा होता.

"क्रँक पुण्याला जाऊ द्या, आप्पासो," तो म्हणाला.

"शर्यत गेली तर तुज्यामुळं गेली, हे ध्यानात ठिव," म्हणून आप्पासो निघून गेले.

क्रँक पुण्याहून यायच्या सुमारास इलियासनं बेरिंगचा पांढरा धातू वितळवून रॉडमध्ये ओतला. मग क्रँकला निळी शाई लावून, त्यावर रॉड फिरवून, जिथं डाग उमटेल तिथं पात्यानं खरवडत बसायचा. सहा रॉडना सहा दिवस. सहावाही जमला. नाथाजीनं बोट फिरवून पाहिलं, आरशासारखा लागला. काम झालं असं समजून तो संध्याकाळी गेला.

सकाळी आला तेव्हा इलियास हातोडा घेऊन त्याचीच वाट बघत होता.

"दुसऱ्यात आत पोकळी हाय. ओतताना हवा ऱ्हायली. चूक माजी."

"मला तर काय दिसत न्हाई."

"कुनालाच दिसनार न्हाई." त्यानं रॉड टांगता धरून हलकेच ठोकला. बाकीचे खणखणले होते. हा बद्द वाजला. "हजार मैल चालंल. मग न्हाई." आणि त्यानं नाथाजीच्या देखत सहा दिवसांतलं एक दिवसाचं काम छिन्नी लावून फोडून टाकलं.

 नाथाजी बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. त्याला बरं वाटायला हवं होतं. हवा तसा मिस्त्री त्याला सापडला होता. पण तसं वाटत नव्हतं. जो माणूस आपलीच चूक, कुणी न पाहिलेली, सांगायला सकाळपासून वाट बघत बसतो, तो बसऱ्याला खोटं बोलला असेल कसा? सहा वर्षं नाथाजी स्वतःला सांगत आला होता, की इलियासनं स्वतःची कातडी वाचवायला ज्ञानूला पुढं केलं. इंजिनापुरता हा माणूस खरा आणि भावापुरता खोटा, असं आता धरून चालता येत नव्हतं. त्यानं त्या दिवशी इलियासचा जितका राग केला तितका आधी कधी केला नव्हता.

शर्यत गेली. एप्रिलात इंजिन सुरू झालं. इलियासनं नवी बेरिंगं रुळेपर्यंत, पाचशे मैल, वेग तिशीच्या वर न्यायचा नाही म्हणून बजावलं, आणि नाथाजीनं ते मैल रोज सातारा-सांगली करत, बैलगाड्यांची धूळ खात पुरे केले. मग एका सकाळी त्यानं गाडी पसरणीच्या घाटात घातली आणि सोडली. इंजिन वळणामागून वळण एका सुरात ओढत गेलं. वर टेबललँडपाशी त्यानं गाडी थांबवली. कान लावून ऐकलं. कुठं खडखड नव्हती.

तिथून तो थेट वडूजला गेला. ज्ञानू विहिरीवर मोट जुंपत होता.

"ज्ञानू, त्या लॉरीत बेरिंग तू बदललं हुतंस का?"

ज्ञानूनं बैलाची दोरी सोडली नाही. "आज कशापायी इचारतोस?"

"बदललं हुतंस का, तेवढं सांग."

"समदे इकत हुते दादा," ज्ञानू म्हणाला. "माजंच नशीब फुटकं, म्हणून ती लॉरी गेली."

"दोन मानसं मेली रं."

"मग आता काय करू? तूबी सांग जा समद्यांना. येवढं त्या इलियासनं केलं, तू बी कर." आणि त्यानं बैलांना पराणी टोचली.

नाथाजीनं तसंच केलं. वडूजच्या मोटार थांब्यावर, जिथं त्यानं तीन वर्षं इलियासला शिव्या घातल्या होत्या, तिथं चार ड्रायव्हरांसमोर तो म्हणाला, "इलियास खरं बोलला हुता. बेरिंग माज्या भावानं बदललं. ज्येला गाडी न्यायची त्येनं न्यावी."  संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली. राहीबाईनं त्याचं ताट वाढलं नाही. ज्ञानूनं त्याची ट्रंक उचलून ओट्यावर आणून ठेवली.

पंधरा दिवसांनी तो साताऱ्याला गेला. शेडमध्ये दोन लॉऱ्या उभ्या होत्या, त्यातली एक वडूजची.

"मी ज्ञानूला इचारलं," नाथाजी म्हणाला.

"मला ते तवाच ठावं हुतं," इलियास लॉरीखालूनच बोलला. "तुला कळाया सहा वर्सं लागली. त्येचं मी काय करू? माजी तीन वर्सं काय तू परत देनार न्हाईस."

"न्हाई."

"मग ते बोलू नगंस." तो बाहेर आला, हात पुसले आणि गाडीकडं पाहिलं. "तेल बदलायचं असंल तर आत घे. न्हाईतर वाट सोड, मागं लॉरी यायचीय."

नाथाजीनं गाडी आत घेतली.