न तुटलेल्या तुकड्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना, न तुटलेला तुकडा आहे. 'न तुटलेला' हे तुम्ही कौतुकाने वाचलं असेल, तर आपली सुरुवातच चुकली. आमच्यात न तुटणं ही लाजेची गोष्ट आहे.

माझं मूळ निसरपूरजवळच्या केळीच्या मळ्यातलं. केळी लोकांनी खाल्ली आणि खोड बांधावर फेकलं. ते देवासच्या अक्षदाने उचललं. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते आणि लोक टाकतात ते घरी आणते. धामनोदला बसच्या कंडक्टरने खोडाकडे नीट पाहिलं आणि त्याचं अर्धं तिकीट फाडलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला मान.

पुढे खोडातून धागे काढले, धुतले, वाळवले, साच्यात पसरून वर रेझिन ओतलं, ते घट्ट होऊन कडक पाटी झाली. त्या पाटीतून आम्ही भावंडं कापली गेलो. दोन्ही टोकं रुंद, कंबर बारीक. आम्हाला काम एकच. मशीनने दोन्ही टोकं जबड्यांत धरून ओढायचं आणि आम्ही बरोबर कमरेत तुटायचं. किती जोर लागला, तो आकडा अक्षदाच्या प्रबंधात जायचा. असे पाच आकडे हवे होते, शुक्रवार संध्याकाळपर्यंत. पीथमपूरच्या एका कारखान्यातली तिची नोकरी त्या प्रबंधावर अडली होती.

गुरुवारी चार भावंडं तुटली. काय सुरेख तुटली. माझी पाळी आली आणि लाइट गेली. लॅबमध्ये उंदीर फार, केळीच्या बाबतीत त्यांचा भरवसा नाही, म्हणून अक्षदाने मला कंपासपेटीत घालून घरी नेलं.

जेवताना ती म्हणाली, "आई, चार फेल झाले. मस्त फेल झाले. उद्या शेवटच्याची टेस्ट."

आमच्या धंद्यात तुटण्याला फेल होणं म्हणतात. हे तिच्या आईला, जयवंतीबाईंना, कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा घास हातातच राहिला.

"चार-चार फेल, आणि हसतेस काय?"

"अगं, ते फेल व्हायलाच बनवलेत."

"असं बोलू नये बेटा कुणाबद्दल. लागतं मनाला."

सकाळी त्यांनी अक्षदाच्या हातावर दही-साखर ठेवली. ती चप्पल घालायला वळली, तेवढ्यात पेटी उघडून एक चमचा मलाही दिला. दोन्ही टोकांना नीट चोळून म्हणाल्या, "जा बाळा. कितीही ओढू देत, तुटू नकोस हं."

मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला कुणी चुकीचा सल्ला दिला नव्हता. शिवाय मी केळीच्या जातीचा. ओलं दिसलं की पितो. वाटभर पीत गेलो.

लॅबमध्ये मशीन चालवणाऱ्या अंशुलने मला जबड्यांत आवळलं. ओढ सुरू झाली आणि मी सुळकन निसटलो. पुसून पुन्हा लावलं. पुन्हा निसटलो, या वेळी थेट त्याच्या चहाच्या ग्लासात. त्याने मला बाहेर काढलं आणि बोट चाटून पाहिलं.

"अक्षदा, ये तेरा नमूना खट्टा-मीठा क्यों है?"

अक्षदाने घरी फोन लावून स्पीकरवर ठेवला. "आई, पेटीत काय घातलंस?"

"दही-साखर. थोडीच. परीक्षा त्याची होती ना."

"आंटीजी," अंशुल म्हणाला, "दही का पानी ये पी गया. अब इसका जो भी नंबर आएगा, झूठा आएगा."

"तो फिर उसकी ओरल ले लो, भिया."

अक्षदा स्टुलावर बसली. आकडे चारच होते, आणि नवी पाटी तयार व्हायला आठवडा लागतो. ती रडली नाही. रिकामी कंपासपेटी उघडत-मिटत राहिली. मग तिचं लक्ष अंशुलच्या टेबलाकडे गेलं. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर आमची सहावी बहीण ठेवली होती. त्याच पाटीतली, पण डाग पडला म्हणून बाजूला काढलेली.

अंशुलने तिला उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. "दाग ऊपर का है. भीतर से साफ है."

तिला जबड्यांत धरलं. आकडा चढत गेला, चौघांच्याही वर गेला, आणि ती बरोबर कमरेत तुटली. मागे टेबलावरचे कागद लॅबभर उडत होते. ते कुणी उचलले नाहीत.

"आई, फेल झाली," अक्षदा फोनवर म्हणाली.

"अरेरे. आणि आपला?"

"आपला कोण?"

"दही दिलेला."

"तो नाही तुटला."

"बघ," जयवंतीबाई म्हणाल्या.

अक्षदा आता पीथमपूरला नोकरीला जाते. घरी येणाऱ्यांना मात्र जयवंतीबाई आधी मला दाखवतात. मी शोकेसमध्ये असतो. "सहा जण बसले होते," त्या सांगतात, "हा एकटा पास झाला."

म्हणून मित्रांनो, कुणाची काळजी घ्यायची तर जरूर घ्या. पण आधी त्याला विचारा, बाबा रे, तुला टिकायचंय की तुटायचंय? मला कुणी विचारलं नाही. दर रविवारी जयवंतीबाई मला मऊ फडक्याने पुसतात, आणि इतकं जपून पुसतात की साधा तडासुद्धा जात नाही.