भेगेवरची काच

काच तडकली होती. राखणदाराने चष्मा पुसला, गुडघ्यावर बसला आणि पुन्हा पाहिलं. चष्म्यावर दोष ढकलण्यासारखं काही नव्हतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ चीर गेली होती.

नदीकाठी एकटाच उभा असलेला तो सुळका म्हणजे कधीकाळच्या ज्वालामुखीच्या घशात थिजून राहिलेला लाव्हा. भोवतीची माती नदीने केव्हाच धुऊन नेली, हा तेवढा उरला. चढायची वाट त्याच्या पोटाखालून जायची आणि तिथेच कातळाला खालपासून वरपर्यंत एक भेग होती. भेगेवर आडव्या काचेच्या पट्ट्या सिमेंटने बसवलेल्या. कातळ केसभर जरी हलला, तरी काच तडकणार. रोज सकाळी त्या पाहायच्या आणि ‘सगळं ठीक’ असं कार्यालयाला कळवायचं, हे राखणदाराचं काम. एकोणीस वर्षं सगळं ठीक होतं. इतकं ठीक असणंही माणसाला आतून खातं, पण ते कळवायची सोय नव्हती.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी लांब, तिचा फोन रविवारी. वाटेवर माणसांचा तोटा नव्हता. पण येणारा प्रत्येक जण दोनच गोष्टी विचारायचा. वर जायला किती वेळ लागतो, आणि संडास कुठे आहे. तिसरं काही विचारणारी एकच, एक निवृत्त नर्स. दर गुरुवारी यायची, वर जाऊन आली की त्याच्या खोलीपुढच्या दगडावर टेकायची, थर्मासच्या झाकणात त्याला चहा ओतून द्यायची आणि विचारायची, “मग भाऊ, झोप लागते का?” तो तिला सिस्टर म्हणायचा. इकडून सिस्टर, तिकडून भाऊ; लोकांना बोलायला जागाच नव्हती. त्या अर्ध्या तासावर त्याचा आठवडा निघायचा. हे मात्र त्याने तिला कधी सांगितलं नाही.

आज गुरुवार होता.

खोलीतल्या डब्यात जादा पट्ट्या होत्या, सिमेंटही होतं. नवी पट्टी बसवणं दहा मिनिटांचं काम; मग वाटही चालू, गुरुवारही चालू. त्याने एक पट्टी काढली, सदऱ्याला पुसली, उजेडाकडे धरून पाहिली. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. मग त्याच्या मनात आलं, सिस्टरला दम लागतो तो नेमका त्या भेगेखालीच. कातळाला पाठ लावून ती तिथे चांगली पाच मिनिटं उभी राहते. त्याने पट्टी परत डब्यात ठेवली आणि फोन लावला.

“कुणाची काठीबिठी लागली असेल हो,” साहेब म्हणाले.

“काठी लागली असती तर ओरखडा दिसला असता, साहेब. कातळ हललाय.”

“बघा बुवा. एकदा वाट बंद झाली की परत उघडेल याचा काही नेम नाही. तुम्हाला तिथून उचलून गोदामात बसवतील. कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय?”

“माझ्या पायावर पडू दे. कुणाच्या डोक्यात नको.”

“करा मग बंद,” साहेब एवढंच म्हणाले.

नऊच्या सुमाराला ती आली, तेव्हा तो फाटकाला साखळी घालत होता.

“हे काय, आज कुलूप?”

“कातळ हललाय, सिस्टर. वाट बंद.”

“आणि पुढच्या गुरुवारी?”

“पुढच्याही नाही. आता बंदच धरा.”

ती मान वर करून सुळक्याकडे पाहत राहिली. “बरं झालं बाई, वेळेवर सांगितलंत. पण मला चालणं सोडून चालायचं नाही, डॉक्टर रागावतात. पलीकडच्या काठाला एक वाट आहे म्हणे?”

निदान दोन मिनिटं बसेल, असं त्याला वाटलं होतं. पण चहा वरून आल्यानंतरचा असायचा, आणि आज वर जाणंच नव्हतं. थर्मास पिशवीतच राहिला. त्याचं मन फार हिरमुसलं.

“आहे ना,” तो म्हणाला. “पूल ओलांडा, पंपघराला वळसा घाला, आणि मग नदी धरून चालत राहा. चढ हलका आहे. सावली आहे. बसायला बाकं आहेत.”

“बघते. चुकले तर येईन तुम्हालाच विचारायला,” ती हसून म्हणाली आणि निघाली.

ती दहा पावलं गेली. पंपघराच्या पुढे वाटेला दोन फाटे फुटत होते आणि त्याने ते सांगितले नव्हते. अकराव्या पावलाला त्याने हाक मारली.

“सिस्टर, थांबा! पंपघराच्या पुढे दोन फाटे लागतील. डावीकडे जाऊ नका, तो जुन्या खाणीत उतरतो, पाय घसरतो. उजवा धरा. म्हणून दाखवा बरं एकदा.”

“पूल, पंपघर, डावा सोडायचा, उजवा धरायचा, मग नदीच्या कडेने.”

आयुष्यभर डॉक्टरांच्या सूचना ऐकलेली बाई ती. पहिल्याच खेपेला सगळं बरोबर म्हणाली. चुकून परत विचारायला यावं, असं काही उरलंच नाही.