मूठ समोरच्याला, धार आपल्याला

मित्रांनो, चामडे कापणारी मी एक जुनी रापी. जप्तीच्या मालाच्या खोलीत, गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली, आज मी धूळ खात पडले आहे.

एका वृद्ध लोहाराने मला घडवले आणि पिशव्या शिवणाऱ्या कारखान्यातील एका कारागिराच्या हाती सोपवले. त्याचा काप इतका नेमका, की सारे त्याला 'सरळ्या' म्हणत. बावीस वर्षांत त्याच्या अंगठ्याचा खळगा माझ्या मुठीत उमटला. पहिल्याच दिवशी थोरल्या कारागिराने त्याला एक नियम दिला होता : रापी दुसऱ्यास देताना मूठ समोरच्याला, धार आपल्याला. सरळ्याने तो व्रतासारखा पाळला.

पुढे कारखान्याला टाळे लागले. मला फडक्यात गुंडाळून तो दारोदार हिंडला. "काका, आता यंत्रं कापतात," एक जण म्हणाला. दुसऱ्याने मान वर करण्याचेही कष्ट घेतले नाहीत. घरची चूल दिवसाआड पेटू लागली. पत्नी एकदाच म्हणाली, "अहो, पोरींना नुसतं पाणी पाजून किती दिवस निजवू?"

दुसऱ्या दिवशी भर बाजारात त्याने एका शिक्षिकेची वाट अडवली. "बाई, पर्स द्या," म्हणत मला बाहेर काढले. पण बावीस वर्षांचा हात सवयीच्याच वाटेने गेला. त्याने माझी मूठ बाईंपुढे केली!

"अहो, हे मला कशाला देताय?" बाई भांबावल्या. तोही भांबावला. तेवढ्यात जमाव तुटून पडला. "मारू नका! आधी विचारा तरी त्याला!" बाईंचा स्वर त्या गदारोळात विरून गेला. न्यायालयात वेळ विचारली गेली, स्थळ विचारले गेले. कारखान्याविषयी कोणीच विचारले नाही.

दीड वर्षाची शिक्षा भोगून तो या खोलीच्या खिडकीशी आला.

"साहेब, एक जण कामावर घेतोय. रापी तुझी तू आण म्हणालाय. माझी तेवढी द्या."

"तुझ्या हाती पातं देऊ? मग माझी नोकरी काय तू देणार?" कारकून हसला. "अर्ज कर. सोमवारी ये."

असे तीन सोमवार गेले. चौथ्या सोमवारी सरळ्याच म्हणाला, "राहू द्या साहेब. जागा भरली."

परवा कारकुनाने एक स्वस्तातला सुरा माझ्याशेजारी आणून ठेवला. चिठ्ठीवर नाव सरळ्याचे.

"दुकानदार वाचेल का हो?" शिपायाने विचारले.

"कठीण आहे म्हणतात."

या खेपेस मूठ सरळ्याच्याच हातात होती.

मित्रांनो, चोराला अवश्य धरा. पण त्याच्या हातचे काम कोणी हिरावले, हेही त्याच दमात विचारा. आणि शिक्षा भोगून जो दाराशी येईल, त्याचे अवजार त्याला वेळेवर परत द्या. माझी वेळ टळून गेली आहे. मुठीतला तो अंगठ्याचा खळगा आता धुळीने भरत आला आहे.