बारावा जबाब

१९६४ सालचा मार्च महिना. "रंग हिरवा लिहा, बाई," न्हावी मला बजावत होता. त्याच्यामागे उभा असलेला पाववाला उसळला, "हिरवा कसला? लालभडक! आणि थेट माझ्यावरच येत होता."

"तुझ्या भट्टीवर शेकायला येत असेल," न्हावी म्हणाला. रांग हसली.

आठवड्यापूर्वी, रात्री पावणेदहाला, एक आगीचा गोळा आमच्या गावावरून गेला होता. खिडक्यांची तावदानं थरथरली, कुत्री पलंगाखाली शिरली. चौकशीसाठी वेधशाळेतून एक साहेब आले. नगरपालिकेने त्यांना एक खोली दिली, गावाचा नकाशा दिला आणि मला दिलं. मी एकवीस वर्षांची, हंगामी टायपिस्ट.

साहेबांची रीत साधी होती. तुम्ही कुठे उभे होता? गोळा कोणत्या खुणेमागे दिसेनासा झाला? त्या जागेवरून त्या खुणेकडे पट्टी ठेवून ते नकाशावर रेषा ओढत. रेषा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे उल्केचा दगड पडलेला असणार. बाकीचं सगळं ते शांतपणे ऐकून घेत. एकाने सांगितलं, "साहेब, आमची बायको लग्नानंतर पहिल्यांदा पाच मिनिटं गप्प होती." तेसुद्धा त्यांनी मला टाइप करायला लावलं.

बारावा जबाब माझ्या बाबांचा होता. डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीवर ते रात्रपाळीचे पहारेकरी होते.

"कुठे होता?"

"टाकीवर, साहेब. आणखी कुठे असणार?"

"गोळा कुठे गेला?"

"गिरणीच्या धुराड्याला डावीकडून चाटून खाली उतरला."

माझी बोटं टाइपरायटरवर थबकली. बाबा त्या वेळी टाकीवर नव्हते, घरी होते. आईला अर्धांगवायू झालेला. ठरल्या वेळी तिची कूस बदलली नाही, तर पाठीला जखमा होत, आणि तिला वळवायला दोन माणसं लागत. म्हणून बाबा रोज रात्री सायकलवरून अर्ध्या तासासाठी खाली येत. त्या रात्री ते अंगणात सायकल लावत होते. मी आत होते, मला फक्त पांढरी झालेली भिंत दिसली. आधीच्या पहारेकऱ्याला तासभर टाकी सोडली म्हणून कायमचं घरी बसवलं होतं. मी निमूटपणे 'टाकीवर' असं टाइप केलं.

संध्याकाळी साहेबांनी मला नकाशापाशी बोलावलं. त्या रात्री नाटक सुटलं होतं, त्यामुळे अकराही साक्षीदार एकाच रस्त्यावर होते. त्यांच्या रेषा जवळजवळ समांतर, उत्तरेकडे गेलेल्या. बारावी मात्र उलटी, दक्षिणेकडे.

"टाकीवरून धुराडं दक्षिणेला दिसतं," साहेब म्हणाले. "तुमच्या वडिलांना एक तर दिशा कळत नाही, नाहीतर ते टाकीवर नव्हते. दुसरीकडे कुठे असतील, तर या अकरांना छेदणारी तेवढी एकच रेषा आहे माझ्याकडे. विचारून या. पण जबाब बदलला, तर त्याची प्रत नगरपालिकेला जाणार. ते माझ्या हातात नाही."

घरी मी बाबांना म्हटलं, "खोटंच सांगायचं होतं, तर धुराड्याचं कशाला सांगितलंत?"

"अगं, ते डोळ्यांनी पाहिलेलं," बाबा म्हणाले. "ते कसं खोटं सांगू?"

आई पलंगावरून आमच्याकडे बघत होती. तिला सगळं कळायचं, बोलता मात्र यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः आले. टोपी काढून साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, मला दिशा कळत नाही."

"बावीस वर्षं टाकीवर काढून?"

"हो, साहेब."

साहेबांनी नकाशावरची पट्टी उचलून बाजूला ठेवली. मग मला म्हणाले, "लिहा. साक्षीदार क्रमांक बारा. दिशेचे भान नाही. जबाब ग्राह्य धरलेला नाही." मी ते तीन प्रतींत टाइप केलं. कागद सरळ बसेना, दोनदा लावावा लागला.

माणसं लावून आठ दिवस पाच मैलांचं रान धुंडाळलं. दगड सापडला नाही. न्हावी बाबांची दाढी करताना विचारायचा, "काय काका, आज उत्तर कुठे?" बाबा म्हणायचे, "तू म्हणशील तिथे." ज्या माणसाला वाऱ्याच्या वासावरून उद्याचं ऊन कळायचं, त्याला गावातली शाळकरी पोरंसुद्धा रस्ता समजावून सांगू लागली.

आई दुसऱ्या हिवाळ्यात गेली. तिच्या पाठीवर शेवटपर्यंत एकही जखम नव्हती. पाववाला मुलाकडे परगावी गेला, आणि गोळा अंगावर आल्याचं तिकडेही सांगत राहिला. मी कायम झाले, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. बाबांना पेन्शन सुरू झाल्यावर मी साहेबांना पत्र लिहून खरी जागा कळवली होती. उत्तर आलं ते दोन ओळींचं: "तुमच्या घरून रेषा काढून पाहिली. तिथे आता नव्या धरणाचं पाणी आहे. वडिलांना माझा नमस्कार सांगा."

आणि बाबा. त्यांच्या निरोपसमारंभात नगराध्यक्षांनी प्रशस्तिपत्र वाचून दाखवलं: "पंचवीस वर्षांच्या सेवेत यांनी एकदाही आपली जागा सोडली नाही."

बाबा उठले. म्हणाले, "सोडली होती, साहेब. रोज सोडत होतो."

सभागृहात हशा पिकला. म्हातारा शेवटच्या दिवशीसुद्धा गमती करतोय म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबतील म्हणून बाबा थोडा वेळ उभेच राहिले. मग खाली बसले.